शेकायची पानं

जांभळा रंग यायला चार तास लागतात, पण अफ्रियेने तिसऱ्याच तासाला उबेच्या पेटीचं दार उघडलं. कुमासी शहरातल्या प्रयोगशाळेत पेशी सांभाळण्याचं तिचं हे सहावं वर्ष, आणि इतकी अधीर ती कधीच झाली नव्हती.

जिवंत पेशी पिवळा रंग जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. एवढी साधी परीक्षा, आणि ती आधी करायची असते. पण तेव्हा तो रंग संपला होता, नवा यायला तीन आठवडे लागणार होते, आणि आमच्या बाईंना दम कुठला! तिने दाह झालेल्या पेशींवर गावाकडून आणलेल्या पानांचा अर्क टाकला, दाह मोजला. तो एकदम खाली आलेला. आनंद पोटात मावेना. उरलेली पिशवीभर पानं घेऊन ती त्याच आठवड्यात मांपाँगला, गावी आईकडे पोचली. आई सेर्वा गुडघेदुखीने बेजार, तळलेली केळी विकायला बसली की उठवत नसे. झाडाखाली नैवेद्याचं अंडं ठेवून मगच पानं तोडणारा गावचा म्हातारा वैद्य ही पानं फक्त शेकायला द्यायचा. काढा करून पी, हे डोकं अफ्रियेचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

आज नवा रंग मिळाला, आणि पेटीतल्या बशीच्या अर्क घातलेल्या खळग्यांत जांभळेपणा आलाच नव्हता. शेजारचे, नुसतं पाणी घातलेले, वांग्यासारखे जांभळे झाले होते.

पलीकडच्या टेबलावरच्या ओबेंगने मान लांब करून पाहिलं. “दाह गेला म्हणून नाचत होतीस ना? अगं, मेलेला माणूस भांडत नाही.”

“गप बस, ओबेंगदादा.”

तिचा आवाज ऐकून त्याचं हसू गेलं. “कुणाला दिलंस की काय?”

“आईला. तीन आठवडे झाले.”

“बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा. पण आधी फोन कर.”

तिसऱ्या खेपेला फोन लागला.

“आई, तो काढा बंद कर. आत्ताच्या आत्ता ओतून दे!”

“वेड लागलं का तुला? काल चर्चमध्ये नाचले मी!”

“माझं चुकलं गं. ते विष असेल.”

“विषाने गुडघे बरे होतात होय? तूच म्हणालीस ना, यंत्रात पाहिलं म्हणून? आता दिवसातून दोनदा घेते मी.”

विचारायची भीती वाटत होती, तरी अफ्रियेने विचारलं. “दुसरं काही होतंय का तुला?”

“भूक मेलीय जरा. आणि डोळे पिवळे दिसतात म्हणे. शेजारणी काय, जळतात मेल्या.”

अफ्रियेने गाडीची किल्ली उचलली. “आई, तिथेच थांब. मी गाडी घेऊन येते, आपण दवाखान्यात जाऊ.”

“ये की. पण रिकाम्या हाताने येऊ नकोस हो, पानं संपत आलीत.”