चकतीवरचं तेल

मी काळी बोलतेय. काळी म्हणजे सायकल, डोंगरात चालवायची, जाड टायरची. दुकानात मला इंग्रजी नाव होतं, पण ते कुणालाच धड म्हणता येत नव्हतं. काळी हे नाव मला हिरकणीनं दिलं. सायकलीनं बोलायचं नसतं हे मला ठाऊक आहे. पण मध्यंतरी अशी वेळ आली की खरं काय ते एकट्या मला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही, म्हणून आज बोलूनच टाकते.

माझे भाग कुठल्या कुठल्या कारखान्यांतून आले, मलाही माहीत नाही. जोडणी झाली ती वापीच्या एका दुकानात. पहिला मालक ऋषभ, तलासरीचा, हायवेला लागून घर. त्यानं आठवडाभर मला फिरवलं, माझ्यासोबत फोटो काढले आणि गॅलरीत उभी केली. मग काय, हँडलवर टॉवेल आणि सीटवर ओले मोजे. ट्रक जात, धूळ उडे, ती माझ्या अंगावर बसे. माणसं वस्तू घेताना जेवढा उत्साह दाखवतात त्याच्या निम्मा जरी नंतर टिकवला, तरी निम्म्या सायकलींचं भलं होईल.

हिरकणी उधव्याच्या शाळेत शिकवते. डहाणूहून एसटीनं तलासरीला यायचं आणि पुढं जीपनं जायचं, हा तिचा रोजचा रस्ता. स्टॉपवर उभं राहून ती माझ्याकडे बघायची. एक दिवस सरळ जिना चढून आली आणि म्हणाली, "ही चालवायची नसेल तर मला द्या." ऋषभच्या आईनं आधी माझ्यावरचे टॉवेल काढले आणि मग हो म्हटलं.

डहाणूला हिरकणीच्या घरी दोनच माणसं, ती आणि तिचे बाबा, रतनभाई. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरामागं चिकूची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. तिथली हवा इतकी खारी की उघडं लोखंड एका पावसाळ्यात पापड होऊन जातं. म्हणून रतनभाई दर शनिवारी संध्याकाळी ओटीवर बसून कोयता, कात्री, कुदळ, दाराच्या कड्या, सगळ्याला करंजाचं तेल लावतात. कडवट, डोक्यात जाणारा वास. पाहुणे नाक दाबतात. मला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही, कारण हिरकणी मला कुणाला हात लावू देत नसे. मला काय हवं-नको ते तीच बघायची.

इथं एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे ब्रेक जुन्या सायकलींसारखे रिमवर लागत नाहीत. दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक पातळ, चकचकीत चकती आहे. ब्रेक दाबला की दोन गुटके तिला दोन्हीकडून आवळतात आणि चाक थांबतं. ती चकती कोरडी ठणठणीत हवी. तिला तेल लागलं की संपलं.

शाळेतली तिची मैत्रीण मयूरी हिनं कुमाऊँचा बेत काढला. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांतून सायकलनं जायचं, वाटेत जुनी देवळं बघायची, सोबत वाटाड्या. हिरकणी हरखून गेली. तिनं वापीला नेऊन माझे गुटके नवे बसवले, शनिवारी-शनिवारी मला उधव्यापर्यंत पिटाळलं. मीही खूश होते. मी डोंगरासाठी जन्मलेली आणि आयुष्य गेलं होतं टॉवेल वाळवण्यात.

रतनभाई भडकले. "त्या रस्त्यांवरून जीपा दरीत जातात. तू सायकल नेणार?"

"बाबा, मयूरी आहे. वाटाड्या आहे."

"बघतो ती सायकल कशी जाते ती," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून बोलायचेच बंद झाले. ती ताट वाढायची, ते जेवून उठायचे. हट्टी बाप आणि सवाई हट्टी लेक. घरात भांड्यांचा तेवढा आवाज.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हिरकणी औषधं आणायला बाजारात गेली होती. रतनभाई तेलाची बाटली आणि फडकं घेऊन आले आणि माझ्यापाशी उकिडवे बसले. मी चक्रावले. एवढे दिवस माझ्याकडे वाकड्या नजरेनं बघणारा माणूस माझी चेन पुसत होता, घंटीच्या आतून बोट फिरवत होता, एकेक तार चोळत होता.

"जाते म्हणते तर जाऊ दे," ते माझ्याशी बोलत होते. "पण तू कुठं अडू नको. तिकडं दव, पाऊस. गंज धरशील. तिला नीट घेऊन ये परत."

मी विरघळलेच होते, तेवढ्यात त्यांची नजर चकत्यांवर गेली. सगळी सायकल रंगवलेली आणि ह्या दोन जागा तेवढ्या उघड्या. खाऱ्या हवेत आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? फडकं भिजवून भिजवून त्यांनी चकत्यांना तेल पाजलं. नका, नका, असं माझा प्रत्येक नटबोल्ट म्हणत होता. त्यांना ऐकू येईना. शेवटी त्यांनी माझ्या सीटवर थोपटलं आणि ते हात पुसत आत गेले.

पहाटे मयूरी रिक्षा घेऊन दारात उभी होती. दोघींनी घाईघाईत मला खोक्यात कोंबलं. चकत्यांकडे कुणी बघितलंही नाही.

डोंगराच्या पायथ्याशी काठगोदाम स्टेशनावर खीमसिंग नावाच्या वाटाड्यानं मला जोडलं. उभ्या उभ्या ब्रेक दाबून पाहिला, तो लागला. पुढचे दोन दिवस नुसती चढण, भीमताल आणि मग मुक्तेश्वर. पाय मोडून जातात, पण ब्रेकला काम नाही. मध्ये एखादा छोटा उतार आला की मी चीं चीं करून ओरडायचे. खीमसिंग म्हणाला, "गुटके नये हैं, बैठ जाएँगे." मी आणखी ओरडले. मयूरी हसली, "काळीला थंडी वाजतेय."

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फाची शिखरं दिसली. हिरकणी हात जोडून उभी राहिली. मग खालच्या नदीपर्यंतचा लांबलचक उतार सुरू झाला.

पहिल्या वळणाआधी तिनं ब्रेक दाबला. मी थांबले नाही. तिनं जोरानं आवळला. गुटके चकतीवरून असे घसरले, जसा ओला साबण हातातून. वेग वाढत गेला. डावीकडे कठडा नसलेली दरी, खाली देवदारांचे शेंडे. तिला घेऊन ये म्हणून मला सांगितलं होतं आणि मी तिला घेऊन कुठं चालले होते?

ती ओरडली नाही. तिनं हँडल उजवीकडे डोंगराच्या अंगाला वळवलं. तिथं चीडच्या झाडांच्या सुयांसारख्या वाळक्या पानांचा ढीग होता. मी त्यात घुसले, उलटले, ती माझ्यावरून पलीकडे पडली. हनुवटीतून भळाभळा रक्त. उठून बसली तेव्हा ती दरीकडेच बघत होती आणि कितीतरी वेळ तिनं मान वळवली नाही.

खीमसिंगनं माझी चकती बोटानं चोळली. "मॅडम, इस पर तो किसी ने तेल लगाया है."

"कुणी लावलं?" मयूरीनं विचारलं. "हिरकणी, असं मुद्दाम कोण करेल?"

हिरकणीनं त्याचं बोट नाकाशी घेतलं. करंज. अख्ख्या मुलखात तो वास तिला एकाच घरचा माहीत होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माहीत नाही," ती म्हणाली. पण मला कळलं. तिच्या कानात तेच वाक्य वाजत होतं: बघतो ती सायकल कशी जाते ती.

अल्मोड्याला टाके घातले, चकत्या घासून घेतल्या, गुटके बदलले. त्याच संध्याकाळी फोन आला. इतके दिवस न बोललेले बाबा.

"हिरू, सायकल नीट चालते ना?"

आधी लेकीची चौकशी नाही, सायकलची. ह्या माणसाला प्रेमानं विचारायची दुसरी रीतच ठाऊक नाही, हे मला कळत होतं. तिला मात्र ते उलटंच लागलं. "चालते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून रडली. मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभी. अगं, त्यांनी मला थोपटलं होतं गं, एवढं जरी मला म्हणता आलं असतं.

पुढचा प्रवास आम्ही केला, हळूहळू. कटारमलचं सूर्यमंदिर पाहिलं. जागेश्वरला पोचलो, तिथं देवदारांच्या गर्द सावलीत दगडी देवळांची दाटी, कुणी केव्हा बांधली कोण जाणे. मयूरी फोटो काढत होती. हिरकणी मला भिंतीशी टेकवून ओल्या कापडानं पुसत बसली. घंटीच्या आत तेल. सीटच्या खाली तेल. तारांच्या मुळाशी तेल. तिचा हात थबकला. ब्रेक बिघडवायला आलेला माणूस घंटीत कशाला बोट घालेल? ती विचारात पडली. मला वाटलं, सुटलो आपण. पण मग तिचं बोट हनुवटीच्या टाक्यांवर गेलं आणि तिनं मान झटकली. "मयूरी," ती जाताना म्हणाली, "मी उधव्याला खोली घेतेय. त्या घरात मला राहता येणार नाही."

डहाणूला आलो. रतनभाईंनी तिची हनुवटी पाहिली. "काय झालं?"

"पडले. रस्ता ओला होता." हे म्हणताना ती त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. ते म्हणाले, "हळद घालून दूध देतो." ती न घेता खोलीत गेली. आता अबोला तिच्या बाजूनं सुरू झाला.

शनिवार आला. संध्याकाळी तिनं कपड्यांची पिशवी भरली, खांद्याला अडकवली आणि मला घ्यायला ओटीवर आली. ओटीवर रतनभाई बसले होते, पुढ्यात मी, हातात फडकं. मागच्या चकतीला तेल लावून झालं होतं, पुढची सुरू होती.

ती जागच्या जागी थिजली. "बाबा, काय करताय?"

"तेल लावतोय." त्यांनी मान वर केली नाही. "तिकडच्या पाण्यानं सगळं धुऊन गेलंय. ही चकती तर बघ, पार उघडी पडलीय. मागच्या वेळी हिलाच जास्त लावलं होतं."

उघडउघड, दारात बसून, लेकीच्या तोंडावर. हिरकणी पायरीवर मटकन खाली बसली. "मागच्या वेळी का लावलंत?"

"तुझ्याशी बोलत नव्हतो ना. मग काय करणार," ते म्हणाले.

तिनं तोंडावर हात दाबून धरला. डोळ्यांतून पाणी आलं. मग उठून तिनं माझं मागचं चाक उचललं, गरकन फिरवलं आणि ब्रेक आवळला. चाक फिरतच राहिलं. "बाबा, हा ब्रेक आहे," ती हळूच म्हणाली. "हिला तेल लावायचं नसतं."

रतनभाई फिरत्या चाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या हनुवटीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातातल्या फडक्याकडे. माणूस डोळ्यांदेखत म्हातारा होताना मी तेव्हा पाहिला.

"रस्ता ओला होता म्हणालीस."

"होता ना."

"नव्हता," ते म्हणाले.

ते उठून नळावर गेले आणि साबणानं हात धुऊ लागले. धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. हिरकणीनं जाऊन नळ बंद केला आणि त्यांचे हात आपल्या ओढणीनं पुसले. तेव्हा कुठं त्यांना तिच्या खांद्यावरची पिशवी दिसली. "कुठं निघालीस?"

"कुठं नाही. धुवायचे कपडे आहेत," ती म्हणाली आणि पिशवी आत घेऊन गेली.

ती बापाबद्दल काय समजून बसली होती, हे रतनभाईंना आजतागायत माहीत नाही. तिनं सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. पण तुम्हाला एक सांगते. तुम्हाला देवानं तोंड दिलंय. तेल कुणी लावलं, का लावलं, हे विचारायला कितीसा वेळ लागतो? विचारा की. विचारलं नाहीत तर तुमच्यात आणि गॅलरीत उभ्या सायकलीत फरक तो काय?

माझं आता बरं चाललंय. ओटीवर माझी जागा ठरलेली आहे. शनिवारी रतनभाई येतात, आधी दोन्ही चकत्या जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळतात आणि मगच चेनला तेल लावतात. काम झालं की साबणानं हात धुतात, कागद सोडतात, चाक उचलून फिरवतात आणि ब्रेक दाबतात. चाक थांबतं. तरी ते पुन्हा फिरवतात आणि पुन्हा दाबून बघतात.