काठात शिवलेलं शिसं

मित्रांनो, रुग्णालयाच्या संशोधन विभागात, तपासणीच्या खोलीत दाराआड उभा असलेला जुना वजनकाटा तो मी. हल्लीचे काटे आकडे लुकलुकवतात, माझं तसं नाही. खाली उभं राहायला लोखंडी पाट, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजनं, एक मोठं, एक छोटं. सिस्टर बोटानं ती सरकवतात. दांडी थरथरत मधोमध थांबली की मी माझं म्हणणं सांगून मोकळा होतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या कारागिरानं माझी दांडी घासली, तो ती पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर धरून बघायचा. खोटं सांगणारा काटा आपल्या हातून गेला तर पाप लागेल, असं तो मानत असे. त्याचा तो धाक माझ्या अंगात मुरला. रोज सकाळी, कुणी पाय ठेवायच्या आधी, शून्यावर येऊन शांत व्हायचं, हे माझं व्रत. देवाच्या कृपेनं ते अजून मोडलेलं नाही.

सुरुवातीची वर्षं गरोदर बायकांच्या विभागात गेली. तिथे वजन वाढलं की सगळे हसायचे. नवऱ्यांना पेढ्याएवढाही घास न खाता पोट भरल्यासारखं वाटायचं. मग मला इथे आणलं, आणि हसणं कमी झालं.

इथे येणाऱ्या बायकांना स्तनाचा कर्करोग असतो. तो छातीपुरता उरलेला नसतो. हाडांत, यकृतात पसरलेला असतो. नेहमीची औषधं थकली की काही जणी नव्या औषधाच्या अभ्यासात आपणहून सामील होतात. ते औषध खरोखर गुण देतं का, किती द्यावं, कुठे अपाय करतं, हे त्यांच्याकडून शिकायचं असतं. औषध सलाइनमधून देतात आणि किती द्यायचं ते वजनावरून ठरतं. म्हणजे माझ्या शब्दावरून. हे कळलं त्या दिवसापासून, मित्रांनो, मला कधी निश्चिंत झोप लागली नाही.

त्या बायकांमध्ये एक काकी होत्या. दुकानांचे, घरांचे पडदे शिवायच्या, म्हणून सिस्टर त्यांना ‘पडदेवाल्या काकी’ म्हणत. आधीची औषधं एकामागून एक हरली होती. आता हे होतं, आणि ह्याच्यापुढे काही नव्हतं. बरोबर त्यांची धाकटी नणंद यायची. तोंडानं फटकळ, पण काकींची चप्पल स्वतः वाकून काढायची.

“चढा वहिनी. काटा चावत नाही.”

“आधी तुम्ही चढा वन्सं. मोडला तर निदान कारण तरी कळेल.”

सिस्टर हसू दाबून वजन सरकवायच्या. पहिल्या काही खेपांत औषधानं चांगला गुण दिला. मानेजवळची गाठ डॉक्टरबाईंच्या बोटाला लागेनाशी झाली. काकींनी त्या दिवशी जाताना माझ्या दांडीवरून हात फिरवला होता.

त्याच सुमारास एक निवृत्त मास्तरीणबाई औषधाला येत. दर खेपेला त्यांचं वजन उतरत होतं, आणि एक दिवस त्यांचं औषध बंद झालं. खरं कारण होतं स्कॅनमध्ये वाढलेल्या गाठी. पण ते डॉक्टरबाई दार लावून घेतल्यावर बोलल्या. दार लागायच्या आधी बाहेरच्या बाकावर बसलेल्या काकींच्या कानांवर एवढंच पडलं होतं, “वजन फारच उतरलंय हो. आता औषध थांबवू या.” मास्तरीणबाई डोळे पुसत बाहेर आल्या. वजन उतरलं की औषध बंद, असं काकींनी मनाशी पक्कं करून टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं तर आपल्याकडेच लक्ष जाईल, ही भीती.

आणि नेमकं तेव्हाच त्यांचं स्वतःचं वजन घसरायला लागलं. तोंडात फोड आले होते, घास गिळवत नव्हता.

पडदा वाऱ्यानं उडू नये, सरळ लोंबावा, म्हणून त्याच्या खालच्या काठात शिशाच्या चपट्या चकत्या शिवतात. काकींच्या घरी त्या डबाभर होत्या. त्यांनी आपल्या लांब झग्याच्या काठात त्या शिवल्या. इतक्या सफाईनं, की नणंदेलाही पत्ता लागला नाही.

मला मात्र लागला. माणसाचं वजन जिवंत असतं. ते श्वासाबरोबर हलतं, पायाच्या बोटांकडून टाचांकडे जातं, परत येतं. त्या दिवशी काकींच्या घोट्यांभोवती काहीतरी लोंबत होतं, थंड आणि मुकं. ते हलत नव्हतं. पण मला माणूस आणि शिसं वेगळं सांगता येत नाही. पाटावर जे येईल ते सगळं मिळून किती, एवढंच मला बोलता येतं.

“वा काकी!” सिस्टर म्हणाल्या. “बाकीच्या बघा, चिमण्या झाल्यात नुसत्या. तुम्ही बरं टिकवलंत. शाब्बास!”

वर्गात पहिला नंबर आल्यासारखा काकींचा चेहरा फुलला. पुढच्या खेपेला शिसं वाढलं. डॉक्टरबाई विचारायच्या, “मळमळ? तोंड आलंय का?” काकी ओठ मिटून मान हलवायच्या. छे, काही नाही. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र खाली खाली जात होत्या. “ह्या औषधानं होतं असं, पण ह्यांचं जरा जास्तच होतंय,” असं म्हणत डॉक्टरबाई रिपोर्ट उलटसुलट करून बघायच्या.

मग एका दुपारी नणंदेनं काकींना व्हीलचेअरवरून आणलं. अंग तापानं भाजत होतं. अंगावर घरातला साधा गाऊन होता, झगा घालायला उसंतच मिळाली नव्हती. दोघींनी धरून त्यांना माझ्यावर उभं केलं. सिस्टर वजन मागे सरकवू लागल्या. अजून मागे. अजून मागे.

“अगंबाई, हा काटा बिघडलाय की काय! इतकं कसं उतरेल?”

माझ्या गळ्यात ‘नादुरुस्त’ अशी पाटी आली. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. इतक्या वर्षांत कुणी मला खोटं ठरवलं नव्हतं. पण खरं सांगतो, स्वतःचा अपमान मला तितका बोचला नाही. पलीकडच्या खोलीत काकी आहेत आणि त्यांचं खरं वजन एकदाच कुणीतरी ऐकलं, तेही खोटं समजलं गेलं, हे बोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी काटे तपासणारा माणूस आला. त्यानं पितळी वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. काटा बरोबर असल्याचं सांगून, सही करून तो गेला. डॉक्टरबाई माझ्यापुढे उभ्याच राहिल्या. “हा बरोबर,” त्या हळूच म्हणाल्या, “मग मागचे आकडे कुणाचे?”

ताप उतरल्यावर काकींना पुन्हा वजनाला आणलं. घरी जाताना घालायला म्हणून नणंदेनं तो झगा आणला होता. तिनं तो लोखंडी स्टुलावर टाकला आणि काठ ठणकन आपटला.

“वहिनी, हे काय आहे?”

“पडद्याचं शिसं.”

“ते दिसतंय हो मला! झग्यात कशाला?”

काकींनी मान खाली घातली. “वजन उतरलं की औषध बंद करतात. त्या मास्तरीणबाईंचं केलं ना.”

डॉक्टरबाई त्यांच्यासमोर खाली उकिडव्या बसल्या. “अहो, वजन उतरलं असतं तर मी औषध थोडं कमी केलं असतं. तुम्ही जेवढ्या आहात तेवढंच द्यायचं असतं. इतके दिवस मी ह्या शिशाच्या वाट्याचंही औषध मोजत होते, आणि ते जात होतं तुमच्या एकटीच्या रक्तात.”

“जगायच्या नादात मरायला टेकलात!” नणंद ओरडली आणि रडायलाच लागली.

“ओरडू नका वन्सं. तोंडात फोड आहेत, उलट बोलता येत नाही मला.”

सिस्टरनी माझ्या गळ्यात अजून लटकत असलेली पाटी काढली आणि हातात तशीच धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “दर खेपेला शाब्बास म्हणणारी मीच.”

“आता अभ्यासातून काढणार का मला?” काकींनी विचारलं.

“वर कळवावं लागेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्या आकड्यांवरून उद्या दुसऱ्या बायकांचं औषध ठरणार आहे, लपवून चालणार नाही. मी तुमच्या बाजूनं बोलेन. पण ते माझ्या एकटीच्या हातात नाही.”

काही आठवडे औषध थांबलं. मग निरोप आला, खऱ्या वजनाप्रमाणे, कमी मात्रेनं पुन्हा सुरू करा. नणंदेनं हात जोडून डोळे मिटले. काकी पुन्हा माझ्यावर उभ्या राहिल्या. किती हलक्या झाल्या होत्या! फोड बरे झाले, दोन घास जाऊ लागले. आणि मग स्कॅन आला. यकृतातल्या गाठी वाढल्या होत्या. औषध बंद झालं.

काकी रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “मधे थांबलं, म्हणून झालं का हो? माझ्या शिशामुळे?”

डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. “औषध तसंही हरलं असतं, बहुतेक. पण नक्की माहीत नाही. तुमच्याशी खोटं बोलत नाही, मला खरंच माहीत नाही.”

मित्रांनो, माझ्यावर कुणीही उभं राहिलं तरी दांडी शेवटी थांबतेच. ह्या प्रश्नाची दांडी अजून थांबलेली नाही.

काकी आता वरच्या मजल्यावर जातात, वेदना कमी करणारं औषध घ्यायला. तिथल्या सिस्टर वजन करत नाहीत. कधी उघड्या दारातून मला लिफ्टपाशी त्या दोघी दिसतात. नणंद अजून बडबडत असते. पण हल्ली मधेच थांबते आणि खाली वाकून विचारते, “वहिनी, खरं सांगा, कुठे दुखतंय?” काकी सांगतात. लांबलचक सांगतात. लिफ्ट येते आणि निघून जाते, तरी त्यांचं सांगणं चाललेलं असतं.

तुमच्याही घरी कधी कुणी आजारी पडेल. माझी एवढीच विनवणी आहे, त्यांना चांगलं दिसण्याच्या, धीट असण्याच्या परीक्षेला बसवू नका. जवळ बसून विचारा. आणि जे कानांवर येईल त्यानं तुमच्या काळजात धस्स झालं, तरी ते पुरतं ऐकल्याशिवाय उठू नका.