चतुराबाईच्या गुलाबाची शेवटची काडी

मी कोरफड बोलतेय. ताडकळसच्या तात्यारावांच्या अंगणात, कडी तुटलेल्या बादलीत राहते. चवीला कडू आणि स्वभावानं त्याहून कडू. कुणाशी फारसं बोलत नाही, पण आज मला भीती वाटतेय.

मला इथं चतुराबाईनं आणलं, बहिणीच्या घरून, पदरात गुंडाळून. तात्यारावांची ही बायको. तिच्या हाताला लय गुण. कुणाच्याही दारची फांदी मागून आणायची. काडीचं खालचं टोक तिरपं कापायची, वरचं सरळ, म्हणजे उलटी लावायची भानगड नको. वरच्या कापावर हळद. मग माझं पान चिरून तिरपं टोक गरात बुडवायची आणि वाळूमातीत लावून टाकायची. "दुखतंय का गं बाई?" असं विचारून मला कापायची. दुखायचंच की! पण विचारणारी ती एकटीच.

दारातला गावठी गुलाब तिचा सगळ्यांत लाडका. दिवाळीनंतर ती गेली. तेरवीच्या मांडवाचा खांब पोरांनी नेमका गुलाबाच्या बुडात रोवला. त्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं. झाड वाळत गेलं, एक फांदी तेवढी हिरवी राहिली.

तात्यारावांनी त्या फांदीच्या पाच काड्या करून कुंडीत लावल्या. चाळीस वर्षं बाजेवर बसून बायकोचं काम बघितलेलं, त्यामुळं तिरपं टोक, हळद, माझा गर, सगळं बरोबर. चुकलं ते पुढं. रोज चहाआधी काड्या उपटून बघायचे, मुळी फुटली का!

"मामा, रोज उपटल्यावर मुळी कशी फुटंल?" सून राजेश्री म्हणायची.

"नुसतं बघायलोय गं."

बघता बघता चार काड्या काळ्या पडल्या. दर काडीमागं माझं एक पान गेलं होतं.

चौथी काडी फेकली त्या दिवसापासून चतुराबाई अंगणात आहे. देवाशपथ! भर दुपारी, सगळे शेतात असताना, उरलेल्या काडीभोवतीची माती कुणीतरी अंगठ्यानं दाबतं. तशी दाबायची सवय तिचीच. मग माझ्या पानावरून बोटं फिरतात, गार. एवढी ओळखीची बोटं, पण बोलत मात्र काही नाहीत.

मध्ये तात्याराव तापानं पडले. वीस दिवस परभणीच्या दवाखान्यात. आज सकाळी परतले आणि धोतर सावरत थेट कुंडीपाशी आले. काडी धरून ओढली. आली नाही. पुन्हा ओढली. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी घट्ट.

"चतुरा," ते हळूच म्हणाले, "तू हायेस का?"

राजेश्री पळत आली. "मामा, हात काढा! मुळ्या फुटल्यात. ओढलं तर तुटतील."

"खाली हाय गं ती. येऊ दे की वर."

राजेश्रीनं त्यांच्या मुठीवर हात ठेवला आणि एकेक बोट सोडवायला लागली. म्हातारा सोडेना. डोळ्यांतून पाणी, आणि मूठ तशीच.

तात्याराव, माझं आता एकच पान उरलंय. तेही घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण ही काडी तुटली तर पुढची फांदी कुठून आणाल? चतुराबाई वर येणार नाही हो. तिला खालीच राहू द्या, आणि रोज तांब्याभर पाणी तेवढं घाला.