आईचा शेवटचा मका

आई गेल्यावर मुथेऊला वाटलं होतं, बाबा आता आपल्याकडे नैरोबीला येतील. कसलं काय! तिचा म्हातारा बाप मुस्योका गावाकडचं, मकुएनीतलं घर सोडायला तयारच नव्हता. कोठारात बायकोनं सोलून, राख चोळून ठेवलेला मका होता. तो संपेपर्यंत दुसरा दाणा तोंडात घालणार नाही, असा त्याचा हट्ट. रोज त्याच मक्याचं आणि घेवड्याचं इस्यो शिजे.

मुथेऊचं कामच बुरशीवर संशोधन करायचं. सुट्टीला आल्या आल्या तिनं दाणे तपासले. पोपटी बुरशी, वर तिची गर्द हिरवी चुलत बहीण सोबतीला. दोघी विषारी.

"बाबा, हा मका यकृत खाईल तुमचं. टाकायला हवा."

"तुझ्या आईचा हात लागलाय त्याला. विष कसं होईल?"

"आईचा काय दोष? काढणीत पाऊस आला, दाणा ओला राहिला."

म्हाताऱ्यानं मक्याच्या पोत्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "बरं. तिच्या कबरीशेजारी शेतात पुरतो. खराब कणीस शेताला परत द्यायचं, हीच ना आपली रीत?"

हीच रीत. आई कणसं निवडायची आणि खराब कणसांची टोपली घेऊन मुथेऊ शेताकडे धावायची. "अगं सावकाश, कणसं पळून नाही जायची!" आई मागून ओरडायची. तो आवाज पुन्हा ऐकायला मुथेऊनं काय वाट्टेल ते दिलं असतं.

"नको बाबा. मातीत या दोन जातींचा संकर होतो. त्यांची काही पोरं आईबापांहून जहरी निघतात. जाळायलाच हवा."

"तुझं लग्न जुळवता जुळवता आम्ही दोघं थकलो," म्हातारा म्हणाला, "आणि बुरशीचं बरं आपोआप जुळतं गं!" तो हसला, पण डोळे भरून आले होते.

पोती त्यानं स्वतःच ओढत अंगणाबाहेर नेली. कुणाला हात लावू दिला नाही. काटक्या रचल्या, काडीही त्यानंच ओढली. धूर अंगावर येऊ नये म्हणून दोघं वारा येत होता त्या बाजूला उभे राहिले.

मधेच वारा फिरला आणि भाजक्या मक्याचा खमंग वास आला. आई निखाऱ्यावर कणसं भाजायची तेव्हा घरभर पसरायचा, तोच.

मुथेऊनं बाबांना धुरातून मागे ओढलं. म्हातारा तिचा हात धरून खाली बसला.

"भूक लागली गं," तो म्हणाला, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडला.