पेट्रोल भरलं की बंद

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तेलीबांध्याच्या पंपावर टाकी भरून झाली आणि चेतनाची गाडी सुरू झाली नाही. चावी फिरत होती, इंजिन घरघरत होतं, पण पकडत नव्हतं. मागून हॉर्न वाजू लागले. पंपापर्यंत सोबत आलेले तिचे वडील हिरालाल आणि पंपावरचा माणूस यांनी गाडी ढकलून हवेच्या नळापाशी नेली. नऊ छत्तीसला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरल्यावर ती खोकत सुरू झाली. मागून काळा धूर निघाला.

चेतना अभनपुरच्या कृषी कार्यालयात दहा सव्वीसला पोचली. हजेरी साडेदहापर्यंत असते.

याआधीच्या दोन सोमवारी ती वेळेत पोचली नव्हती. दोन्ही वेळा तिला लेखी खुलासा द्यावा लागला. नोकरीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं, आणि तिसरा खुलासा आला तर कायम करण्याच्या फायलीला तोही जोडावा लागेल, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं होतं.

"बसनं जात जा ना," आई शेवंता म्हणाली.

"बस अकराला पोचवते. अन् गावोगाव फिरायले काय बस देते का?"

"मग गाडी विका. दर सोमवारी पूजा करावी तसे पेट्रोल भरता अन् दर सोमवारी ती रुसून बसते."

शोरूममध्ये गाडीला तपासणीचं मशीन लावलं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आठवडाभर जळत होता, त्याचा कोड पेट्रोलच्या वाफेच्या लाइनचा निघाला. तिथला तरुण इंजिनीअर म्हणाला, "फ्यूल पंप और कनिस्टर दोनों बदलना पड़ेगा, मैडम." अंदाज एकवीस हजार चारशे. फ्यूल पंप का, असं चेतनानं विचारलं, तर म्हणाला, "सेफ साइड." दुसऱ्या गॅरेजवाल्यानं कोड न बघताच कॉइल खराब सांगितली. तिसऱ्यानं पंपावरचं पेट्रोल भेसळीचं आहे म्हटलं. चेतनानं दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून बघायचं ठरवलं होतं, पण तिथंच पेट्रोल भरणाऱ्या शेजाऱ्यांच्या गाड्या ठीक चालत होत्या.

शनिवारी हिरालाल तिला पुरानी बस्तीत शेखरकडे घेऊन गेले. शेखर मूळचा भंडाऱ्याचा. देवळामागच्या गल्लीत त्याचं एका गाडीपुरतं गॅरेज होतं. हिरालालनी काखेतलं रजिस्टर काढलं. ते रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते, आणि घरच्या मिक्सरचीही नोंद ठेवत.

"काका, हे काय? गाडीची कुंडली?"

"बघ तर खरं. तारीख, वेळ, किलोमीटर, लिटर. काही सोडलं नाही."

शेखरनं हात पुसले आणि पानं उलटली. सहा आठवड्यांच्या नोंदी होत्या. गाडी मंगळवारी, बुधवारी, उन्हात, थंडीत, कधीच अडकली नव्हती. अडकली ती फक्त भरल्यानंतर. मग त्याचं बोट एका रकान्यावर थांबलं.

"टाकी किती लिटरची आहे, ताई?"

"पस्तीस."

"काटा पावावर असताना भरलं, असं लिहून आहे. मंग सव्वीसच्या आसपास बसायला पाहिजे. इथं साडेएकोणतीस कसं काय बसून राहिलं?"

हिरालाल हसले. "त्याले ट्रिक लागते. नोझल खटकन बंद झालं की पंपावरचे पोट्टे थांबतात. मी गाडी हलवतो. हवा निघते, आणखी तीन लिटर बसते. गळ्यापर्यंत. स्कूटर होती तेव्हापासून करतो."

"हे रजिस्टरमंदी काहून नाही लिहिलं?"

"त्यात लिहायचं काय?"

शेखरनं मागच्या चाकाजवळचा काळा डबा, म्हणजे शोरूमवाल्याचं कनिस्टर, दाखवला. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती यातला कोळसा धरून ठेवतो, आणि इंजिन चालू असताना ती पुढच्या एका छोट्या व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढली जाते. डब्यात वाफ जायला पाहिजे, पेट्रोल नाही. त्यानं डबा सोडवला. तो जड होता आणि एका नळीतून पेट्रोल टपकलं.

मग त्यानं पुढचा व्हॉल्व्ह काढून तोंडाला लावला आणि फुंकला. हवा आरपार गेली.

"करंट नसताना हा बंद पाहिजे. उघडाच अडकला आहे. टाकी भरली की सगळी वाफ इंजिनात. गुदमरणार नाही तर काय?"

हिरालालनीही फुंकून बघितला आणि पेट्रोलच्या वासानं तोंड वाकडं केलं. "म्हणजे माझ्यानं झालं?"

"असं नाही म्हणता येत. पेट्रोलनं भिजलेल्या कोळशाची पूड येऊन अडकला असंल. नाहीतर व्हॉल्व्ह आधीच गेला असंल. हे आपोआपही खराब होतात."

"पण आधी काय झालं?"

"मले नाही मालूम, काका."

हिरालालना हे उत्तर पटलं नाही. कारखान्यात कारणाचा रकाना भरल्याशिवाय वॅगन सुटत नसे. ते पेन उघडून तसेच बसून राहिले.

व्हॉल्व्ह अकराशे पन्नासला मिळाला. नवा डबा सहा हजारांचा होता. शेखरनं तो घेऊ दिला नाही. जुना उलटा करून निथळवला आणि दिवसभर छपरावर उन्हात ठेवला, कुणालाही तिथं बिडी ओढू न देता. कोळसा कितपत वाळला हे बाहेरून कळत नाही, हेही त्यानं सांगितलं. फ्यूल पंपाला हात लावला नाही. मजुरीसकट सोळाशे झाले. दिवा विझवला.

"सोमवारी खटक आवाज आला की बस," तो म्हणाला. "काकाले गाडीतून उतरूच देऊ नका."

सोमवारी हिरालाल मागच्या सीटवर बसून राहिले. नोझल बंद झालं तेव्हा मीटरवर सव्वीस लिटर होतं. पंपावरचा माणूस सवयीनं म्हणाला, "चाचाजी, हिलाना नहीं है?" चेतनानं चावी फिरवली. गाडी पहिल्या खेपेला सुरू झाली. ती नऊ अठ्ठावन्नला अभनपुरला होती.

पुढच्या सोमवारी दुसऱ्या खेपेला सुरू झाली. त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास ती खेड्यांवर असताना पिवळा दिवा पुन्हा लागला.

शेखरनं संध्याकाळी मशीन लावलं. कोड आधीचा नव्हता, दुसराच निघाला. व्हॉल्व्ह काढून फुंकला, तर तो नीट बंद होता. डबा हुंगला, हलवला आणि परत बसवला.

"हा डब्यामुळं आहे का?" चेतनानं विचारलं.

"असू शकते."

"की फ्यूल पंप?"

"तोबी असू शकते. गाडी चालू आहे ना? रविवारी माझ्याकडं सोडा. त्याआधी काही बदलू नका."

साहेबांनी चेतनाला कायम करण्याची फाईल त्याच आठवड्यात मंगळवारी जिल्हा कार्यालयात पाठवली. तिला दोन खुलासे जोडलेले आहेत. उत्तर गुरुवारपर्यंत आलेलं नाही.