ताईचा दगड

मिस्त्रीने गिऱ्हाइकाच्या गाडीचा मागचा ब्रेक-ड्रम काढला, आतला खाचेचा स्क्रू हातात घेतला आणि त्याचे आटे निरखले. हे आटे उजव्या चाकाचे. ताईच्या गाडीला त्याने असाच स्क्रू डावीकडे बसवला होता!

अहो, कच्चा गडी नव्हे हा. वीस वर्षांचा नियम: एक चाक उघडायचं, दुसरं नमुना म्हणून तसंच ठेवायचं. पण गेल्या महिन्यात थोरली बहीण डोक्यावर उभी. "इतक्या नव्या गाडीला मागे हे जुनाट ड्रम कशाला रे?" झालं, याला चेव आला. दोन्ही चाकं उघडून प्रवचनच झोडलं. "ब्रेक मारला की भार पुढे जातो, म्हणून पुढे डिस्क. मागे ड्रम पुरतो, स्वस्त पडतो, चिखल आत शिरत नाही. आणि उतारावर हँडब्रेक लावला की ड्रम जो धरतो, तो धरतोच!" वर तिचा चाकाखाली लावायचा दगडही डिकीतून काढून घेतला.

बोलण्याच्या नादात दोन्ही चाकांचे स्क्रू एकाच ट्रेमध्ये धुतले आणि बसवताना अदलाबदल झाली. ब्रेकचं लायनर झिजेल तसं अंतर भरून काढणारा हा स्क्रू. बाजू बदलली की उलटा फिरतो आणि ब्रेक दिवसेंदिवस सैल होत जातो.

आज आईचं डायलिसिस. दवाखान्यासमोर हा उतार, खाली भरलेला चौक. आईला गुदमरतं म्हणून ताई इंजिन आणि एसी चालू ठेवते, गाडी न्यूट्रलला टाकते आणि औषधं आणायला जाते. सगळा भार हँडब्रेकवर.

फोन लावला. उचलेना. "उचल गं बाई, उचल!" गॅरेजच्या दाराला लावलेला तोच दगड त्याने उचलला आणि स्कूटरला किक मारली. वाटेत सिग्नल तोडला, शिव्या खाल्ल्या. देवा, माझे हात तोड, पण आईला काही होऊ देऊ नकोस.

वळणावरूनच दिसलं. ताई बॉनेटला पाठ लावून, पाय रोवून उभी. हँडब्रेक अर्धामुर्धा धरत होता आणि गाडी तिला इंचाइंचाने खाली रेटत होती. चपला घसरत होत्या. "अरे, कुणीतरी या रे!"

त्याने स्कूटर तशीच टाकली आणि पुढच्या चाकाखाली दगड सरकवला. गाडी थांबली. ताई खालीच बसली.

आईने काच खाली केली. "आलास का? हिला केव्हाची सांगतेय, घाबरू नकोस, ब्रेक आपल्या धाकट्याने केलेत."

मिस्त्री चाकापाशी बसला, तो उठेचना.