रिकाम्या पिशवीची धाप

मिस्त्रींनी सवयीप्रमाणे पोस्टवाल्या ताईंच्या खांद्यावरून पिशवी उतरवून घेतली आणि ती इतकी हलकी लागली, की त्यांनी आत डोकावून पाहिलं. तळाशी तीन पाकिटं होती. बाकी काही नाही.

"आज एवढंच?"

ताईंनी नुसती मान हलवली. दारातल्या खुर्चीवर त्या टेकल्या, डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने गणवेशाच्या बटणांवरून छातीच्या मधोमध चोळू लागल्या. मिस्त्री पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले.

ताई सहा वर्षं या इमारतीत टपाल आणत होत्या. इमारत पाच मजली आणि लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मिस्त्रींनी मात्र चाळीस वर्षं गावभरच्या लिफ्ट दुरुस्त केलेल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ते येईल त्याला सांगत. येणारं फारसं कुणी नसल्यामुळे तो विनोद बहुतेक ताईंच्याच वाट्याला यायचा, आणि त्या दर वेळी नव्याने हसायच्या. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी परदेशात, तिचा फोन रविवारी. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून मिस्त्री आठवड्यातून एकदा, सामान आणायला, तेवढे खाली उतरत.

बारा दिवसांपूर्वी ताई पहिल्यांदा त्यांच्या दारात थांबल्या होत्या. "काका, जरा बसू का? आज जिना संपतच नाहीये." मिस्त्रींनी त्यांचा श्वास ऐकला आणि जन्मभराच्या सवयीने निदान करून टाकलं. लिफ्ट जड ओढायला लागली की आधी माणसं उतरवायची, मग मोटरकडे बघायचं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तोडगा काढला. चौथ्या-पाचव्या मजल्याचं टपाल ताईंनी त्यांच्याकडेच ठेवायचं. मंडळी येता-जाता घेऊन जातील. सही लागणारं काही असलं तर मिस्त्री वर हाक मारतील. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि त्याला इतर काही काम नव्हतं.

तोडगा नामी निघाला. ताईंचे दोन मजले वाचले, आणि वाचलेला वेळ त्या खुर्चीवर बसू लागल्या. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग चांगली पंधरा. साडेअकराला मिस्त्री दोन कप चहा टाकायला लागले. रोज दाढी करायला लागले. ताईंच्या नवऱ्याच्या लाँड्रीतल्या गमती, कुणाच्या कोटाच्या खिशात काय सापडलं ते, धाकट्या मुलीची परीक्षा, हे सगळं त्यांना आता घरच्यासारखं ठाऊक झालं होतं. आणि ताईंचा श्वास खाली बसायला रोज थोडा जास्त वेळ लागतोय, हेही त्यांना ठाऊक झालं होतं. मोटरचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या माणसाला ते न कळायला काय झालं? पण 'डॉक्टरला दाखवा' असं म्हटलं, की ताई रजेवर जाणार. मग साडेअकराला त्या दारात कोण बसणार? ते रोज ठरवायचे, उद्या बोलू.

आज पिशवी रिकामी होती.

"पाणी देऊ?"

"नको काका. मळमळतंय. सकाळपासून पित्त खवळलंय नुसतं."

"दुखतंय कुठे?"

"दुखत नाही हो. कुणीतरी वर बसल्यासारखं वाटतंय." त्या हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. "आणि हा जबडा. दाढ काढायची राहिलीय ना, ती ठणकतेय."

मिस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा चौतीस. ते समोर स्टुलावर बसले आणि ऐकत राहिले. वरवरचे, अर्धवट तुटणारे श्वास. कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम, आणि जिन्यात तर चांगला गारवा होता. अकरा चाळीसला त्यांनी ताईंच्या मनगटाला हात लावला. मनगट थंड आणि ओलं होतं.

सहा मिनिटं बसून श्वास तसाच. ना पिशवीचं वजन, ना पुढचा जिना. रिकामी लिफ्ट तळमजल्यावर उभी असताना मोटर असा आवाज करत असेल, तर ओझ्याला बोल लावण्यात अर्थ नसतो.

"मी ॲम्ब्युलन्स बोलावतो."

"अहो काका!" ताईंनी उठायचा प्रयत्न केला. "काहीतरीच काय? पित्ताला कुणी ॲम्ब्युलन्स बोलावतं का? खाली गणवेशातली बाई उचलून नेताना लोक बघतील. ऑफिसात महिनाभर चेष्टा होईल. स्कूटर आहे माझी, मी जाते घरी."

"स्कूटरची किल्ली द्या."

"का?"

"द्या म्हणतो ना."

त्यांचा खणखणीत आवाज एरवी वर हाका मारण्यापुरताच होता. आज तो समोरासमोर ऐकल्यावर ताईंनी निमूटपणे किल्ली काढून दिली. मिस्त्रींनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि फोन लावला.

नंबर फिरवतानाही त्यांच्या मनाची चलबिचल चालूच होती. साप साप म्हणून भुई धोपटली आणि निघालं खरोखरच पित्त, तर? या बाईला परत या दारात यायची लाज वाटेल. त्यांनी तो विचार तिथेच सोडला आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर पत्ता सांगितला.

पलीकडची मुलगी शांत होती. बाईंचं वय? पंचेचाळीस. किती वेळ झाला? बसल्यावरही तसंच आहे का? दुखणं हाताकडे, पाठीकडे, जबड्याकडे जातंय का? घाम आहे का? मिस्त्री एकेका प्रश्नाला 'हो' म्हणत गेले आणि प्रत्येक 'हो'बरोबर त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"गाडी निघालीय," मुलगी म्हणाली. "त्यांना अजिबात चालू देऊ नका. जिना तर नाहीच. गळ्याची बटणं सैल करा. घरात ॲस्पिरिन आहे?"

होती. त्यांच्याच औषधांच्या डब्यात. मुलीने ॲलर्जीचं विचारलं, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव झाला होता का ते विचारलं. ताईंनी दोन्हीला मानेने नकार दिल्यावर ती म्हणाली, "एक गोळी द्या. चावून खायला सांगा. आणि फोन ठेवू नका, मी आहे."

'मी आहे' या दोन शब्दांचा मिस्त्रींना त्या वेळी जेवढा आधार वाटला, तेवढा वर्षानुवर्षांत कशाचा वाटला नव्हता.

ताई गोळी चावत होत्या. तोंड वाकडं करून म्हणाल्या, "कडू आहे." मग थोड्या वेळाने, खाली बघत, "काका, मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," मिस्त्री म्हणाले. "दोघं मिळून भिऊ. गाडी येईपर्यंतच तर आहे."

गाडी अकरा मिनिटांत आली. दोघंजण घडीची खुर्ची घेऊन वर धावत आले, त्यांनी ताईंच्या छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी बाहेर आली. दोघांनी ती पाहिली. त्यानंतर त्यांच्या हालचाली एकदम झपाझप झाल्या. ताईंना पट्ट्याने खुर्चीत बसवून उचलताना त्या एवढंच म्हणाल्या, "ती तीन पाकिटं राहिली."

"ती माझ्यावर सोडा."

दोन पाचव्या मजल्याची होती आणि एक चौथ्या. हाक मारली असती तर मंडळी खाली आली असती. मिस्त्रींनी हाक मारली नाही. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते वर गेले आणि ज्याचं त्याच्या हातात देऊन आले. खाली यायला त्यांना अर्धा तास लागला. लाँड्रीचा नंबर त्यांनी आधीच पोस्ट ऑफिसातून मिळवून निरोप दिला होता. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते ताईंच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसून राहिले, संध्याकाळपर्यंत.

सहाच्या सुमाराला नवऱ्याचा फोन आला. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडली, आत जाळी बसवली. ताई शुद्धीवर आहेत, चहा मागतायत.

"डॉक्टर म्हणाले, या घरी गेल्या असत्या, पित्ताची गोळी घेऊन झोपल्या असत्या, तर... काळ आला होता काका, वेळ आली नव्हती. तुम्ही होता म्हणून."

मिस्त्रींनी फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आनंद तर होताच, इतका की त्यांना रडू फुटलं. पण त्या आनंदात एक खडा होता. तुम्ही होता म्हणून. बारा दिवस होतो, त्याचं काय?

महिन्याभराने, एका सकाळी, दार वाजलं. ताई साध्या कपड्यांत होत्या आणि थोड्या बारीक झाल्या होत्या. बरोबर नवरा, हातात पिशवीभर इस्त्री केलेले कपडे. मिस्त्रींचे सदरे त्याने आठवड्यापूर्वी माणूस पाठवून मागवून नेले होते. त्याने पिशवी खाली ठेवली, मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरला, आणि तो सोडायचं विसरूनच गेला.

"आता आयुष्यभर तुमचे कपडे आमच्याकडे," तो म्हणाला. "नाही म्हणायचं नाही."

"सदरे चारच आहेत," मिस्त्री म्हणाले. "तुमचं फार नुकसान नाही व्हायचं."

तिघंही हसले. ताई जिना कसा चढल्या ते नवऱ्याने सांगितलं: दर मजल्यावर थांबून, डॉक्टरांनी सांगितलंय तसं. ऑफिसने त्यांना आता खिडकीवरचं काम दिलं होतं. बसून. फिरती बंद. मिस्त्रींनी "फार छान" म्हटलं आणि ते मनापासून होतं, तरी कप भरताना त्यांची नजर दारातल्या खुर्चीकडे गेली.

चहा झाल्यावर नवरा खाली उतरला, लाँड्री उघडायची होती. ताई मागे राहिल्या. मिस्त्रींनी कप गोळा केले, ठेवले, पुन्हा येऊन बसले.

"ताई, एक सांगायचंय. तुम्ही माझे उपकार मानताय, तुमचा नवरा मानतोय, मला रात्री झोप येत नाही." त्यांनी चष्मा काढला. "मला त्या दिवशी नाही कळलं. आधीच कळलं होतं, आठवडाभर आधी. तुमचा श्वास रोज बिघडत होता आणि मी चहा टाकत होतो. तुम्ही याल, बसाल, बोलाल, म्हणून गप्प राहिलो. माझ्या करमणुकीसाठी तुमच्या जिवाशी खेळ झाला."

मांडीवरच्या पदराची कडा ताईंनी बोटाने सरळ केली.

"तुम्हाला कळलंय हे मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलता बोलता माझ्या श्वासाकडे कान लावायचात. मी तेव्हा मुद्दाम तोंड मिटून श्वास घ्यायची."

"मग?"

"मग काय? तुम्ही तेव्हा 'डॉक्टरकडे जा' म्हणाला असता, तर मी दुसऱ्या दिवसापासून तुमच्या दारात थांबलेच नसते. हो हो म्हटलं असतं आणि सगळं अंगावर काढलं असतं. ओळखते ना मी स्वतःला. खालच्या जिन्यात, कुणी बघत नाही अशा ठिकाणी बसले असते." त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. "आणि त्या दिवशीही तिथेच बसले असते काका. एकटी."

जिन्यातून कुणीतरी धाडधाड वर गेलं. बहुधा नवा पोस्टमन. तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा आणि कुणाच्याच दारात थांबायचा नाही.

हे खरं होतं, की बाई त्यांच्या मनावरचा भार हलका करत होती? मिस्त्रींना सांगता येईना. चाळीस वर्षांत दुसऱ्याने सांगितलेलं निदान त्यांनी एकदाही तसंच स्वीकारलं नव्हतं. झाकण उघडून, स्वतः आत डोकं घालून पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाचा शब्द घेतला नव्हता. ते ताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी काही विचारलं नाही.

"बरं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.